भित्र्या राक्षसाचा नववा भाग

बुऱ्हाणपूरच्या वाचनालयात 'भित्रा राक्षस' या पुस्तकमालेच्या लेखिका आल्या, तेव्हा योगेंद्रराव नववा भाग छातीशी धरून सहीच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभे राहिले. जन्मात कुणाला उलट न बोललेला माणूस, पण आज मनातलं सांगायचंच असं ठरवून आला होता.

"राग नका मानू ताई, पण सहाव्या भागापासून पहिल्यासारखी मजा नाही राहिली. राक्षस आता चुकतच नाही. मग हसायचं कशाला?"

लेखिका ओशाळं हसल्या. "खरंय काका. पाचव्या भागानंतर तुमच्या इथल्या राजपुऱ्यातून एक पत्र आलं. 'राक्षसाची फजिती आता बघवत नाही, त्याला थोडं शहाणं करा.' इतक्या पोटतिडकीनं लिहिलं होतं, की त्यांचं मन मोडवेना. त्यांचं नाव अजून पाठ आहे मला." त्यांनी पेन उघडलं. "बोला, तुमचं नाव काय लिहू?"

त्या पत्राखाली योगेंद्ररावांनी सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं होतं.



"हर्षल लिहा," ते खाली बघत म्हणाले. "जावयाला द्यायचंय."