बेचाळीस प्लास्टरं
स्कूटर कंपनीचा साहेब भरसभेत छातीठोकपणे म्हणाला, "आमच्या भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून वर्षभरात फक्त अकरा माणसं पडली." इस्पितळात प्लास्टर कापायच्या खोलीची झाडलोट करणाऱ्या मावशीला ते ऐकवेना. तिनं सोबत आणलेलं पोतं उचललं, तरातरा पुढं जाऊन त्याच्या टेबलावर उपडं केलं. कापलेली प्लास्टरं गडगडली. "बेचाळीस आहेत. एकाच महिन्याची. कशावरून पडलात, प्रत्येकाला विचारून ठेवलीत." साहेब हसला. "ही आमच्या स्कूटरमुळेच कशावरून, मावशी?" तिच्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता, आणि इस्पितळाचा कचरा पळवल्याबद्दल उद्या नोकरीही जाणार होती. तरी ती कडाडली, "आधी मोजा, मग हसा!" तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी पुढं आली. तिनं ढिगातलं एक प्लास्टर उचलून आपल्या मनगटावर चढवलं. चपखल बसलं. "हे माझं. ब्रेक लागलाच नव्हता." मागं खुर्च्या सरकू लागल्या.