चौकटीतली वायर

दाजींचा कॉम्प्युटर उन्मेषनेच असेंबल केला होता. त्यामुळे नेट अधूनमधून जातं म्हटल्यावर त्याने आपल्याच कामाला शिव्या घालत नेटवर्क कार्ड बदललं, मग मदरबोर्डही बदलला.

"तुझा भाऊ एक नंबरचा बिनकामाचा," दाजी ताईला ऐकवत राहिले.

आज मात्र त्याने बेडरूममधल्या राउटरपासून वायर हाताने चाचपत आणली. दाराच्या चौकटीत ती पार चेचलेली होती. दारावर बाहेरून लाथांचे खड्डे पडले होते.

"ते पिसाळले की मी आत कोंडून घेते," ओढणीने गळ्यावरचे वळ झाकत ताई पुटपुटली.

"सापडलं का काही?" चौकटीवर बोटं टेकवून दाजी डाफरले.

उन्मेषने अंगातला सगळा जोर लावून दार आपटलं.