गिरणी बंद होऊ दे

"हाच," माणिकराव म्हणाले.

आम्रपाली चक्रावली. पडद्यावर उपग्रहाकडून आलेला मूळ फोटो होता, तिनं अजून हातही न लावलेला. मधे सूर्य झाकायची काळी चकती, भोवती धुरकट पांढरं. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातले धागे त्यात भिंग घेऊनही सापडले नसते.

"पप्पा, नीट बघा की. यात काय हाय?"

"मग पुढचा दाखव. सावकाश. अन् बोलू नको."

पाचच्या आत एकच चित्र बंगळूरच्या खगोल संस्थेला पाठवायचं होतं. त्यावर तिथल्या संशोधनासाठी तिची निवड ठरणार होती. उजेड-अंधारातला फरक कमी ताणला तर धागे दिसत नाहीत, जास्त ताणला तर नसलेलेही उमटतात. नेमकं कुठं थांबायचं हे आपल्याला कळत नाही, असं तिचं ठाम मत. कळायचं ते पप्पांना. गेवराईत तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून निम्म्या तालुक्यातल्या नवऱ्या मुलींचे देवीचे व्रण पुसलेले. दोन वर्षं तिची सगळी चित्रं त्यांनीच निवडली. मान तिरकी करून, गप्प बसून. एकदाही चुकले नाहीत.

तिनं त्याच फोटोची कमी-जास्त ताणलेली आणखी बारा चित्रं दाखवली. शेजारी सटवाची पिठाची गिरणी घरघरत होती.

"आज न्हाई जमायचं," माणिकराव म्हणाले. "ती गिरणी बंद होऊ दे."

"लग्नाचं दळण हाय, सहापर्यंत चालंल. अन् चित्र बघायला गिरणी कावून आडवी येती?"

"लई आवाज हाय, बाई."

"आवाजानं डोळे दिपतेत व्हय?"

साडेचार वाजले. आम्रपालीला रडू यायला लागलं. आपलंच काहीतरी मुळात चुकलं असणार, नाहीतर हे असं कशाला वागतील?

"तुमी न्हाई सांगितलं तर मी पाठवतच न्हाई," ती लॅपटॉप मिटायला लागली.

माणिकरावांचा हात आधी टेबलावर पडला, मग तिच्या मनगटावर.

"आमू, दोन वर्षं झाली, मला त्या पडद्यावर नुसता उजेड दिसतोय. तू चित्रं बदलत जायचीस, अन् एका चित्रापाशी तुझा श्वास अडकायचा. मी तेवढंच ऐकत होतो."