आबांच्या मुठीतली नळी

"आमच्या खानदानाला आजवर ना सुई लागली, ना सुरी! आन् ह्यो बिरदेव जित्ता हाय तवर लागणार न्हाई!"

शिरूरच्या दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून बिरदेव आबांनी हे जाहीर केलं. बोलताना हात इतक्या जोरात वर गेला की सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकली आणि दंडावरचे देवीच्या लशीचे दोन वाटोळे डाग सगळ्यांना दिसले. आबांनी बाही खाली ओढली. त्यांच्या गावात, कवठे येमाईत, आबांना उलटून बोलायची पद्धत नव्हती.

आत खाटेवर त्यांची सून नकुशी होती. नववा महिना. पाय सुजून जोडवी रुतलेली, डोकं ठणकतंय, भर दुपारी डोळ्यांपुढं काजवे. डॉक्टर सुषमाबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा त्यांचाच विश्वास बसला नाही. मग बाहेर येऊन त्यांनी सरळ सांगितलं, "बाळ आत्ताच काढावं लागेल. झटके आले तर दोघंही हाती लागणार नाहीत. पण या दुखण्यात कधी कधी रक्त गोठायचंच थांबतं. गोठत असेल तर सिझर इथंच करते. नसेल, तर पुणं गाठायचं."

नकुशीचा नवरा शंभू सही करायला पुढं सरकला. आबांनी नुसतं बघितलं. शंभू मागं सरकला.

"रगत थिजायचं मला सांगताय?" आबा म्हणाले. "चाळीस वर्सं मेंढरं राखली, बकरी कापली. परातीतलं रगत कवा थिजतं ते ह्या बोटांना ठावं हाय."

"बरं झालं. मला अनुभवी माणूसच हवा होता," सुषमाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि काचेच्या नळीत नकुशीचं ताजं रक्त घेऊन आल्या. "ही उजव्या मुठीत धरा. अंगाची ऊब लागली पाहिजे. हात हलवायचा नाही. आणि बोललात की तुमचा हात हलतो, म्हणून बोलायचंही नाही. मी येईपर्यंत."

आबा बाकावर बसले. नाकावर माशी बसली. उडाली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा त्यांनी मूठ किंचित कलती करून आत डोकावलं आणि घट्ट मिटली. मग ते समोरच्या कॅलेंडरवरच्या गुटगुटीत बाळाकडं बघत राहिले.

सिस्टर कागद घेऊन आली. "सही कोण करतंय? वेळ नाही."

"अवं, काय करायचं?" अनसाबाईंनी नवऱ्याला विचारलं. आबा गप्प. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. अनसाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

एवढ्यात नकुशीचे वडील बबनराव खुटबावहून एसटीनं येऊन पोचले. "राम राम, व्याही!"

आबांचा हात उठला नाही.

"माझी पोर मरायला टेकलीया, आन् ह्यांना राम राम घ्यायला जड जातंय!" बबनराव कडाडले. "व्हय म्हणा, न्हाई म्हणा, पन बोला की!"

आबांनी डोळे मिटले.

"जावईबापू, आबांनी न्हाई म्हटलंय का?"

"मगाशी पायरीवर म्हणले हुते," शंभू म्हणाला. "आता कायबी म्हणत न्हाईत."

"मग करा सही!"

शंभूनं बापाकडं तीनदा वळून बघितलं. बापाचे डोळे मिटलेलेच. शंभूनं सही केली.

तासाभरानं आतून रडणं ऐकू आलं. मुलगी. आई सुखरूप. बबनराव आणि शंभू आत धावले, अनसाबाई पेढे आणायला पळाल्या. सुषमाबाई घाम पुसत बाहेर आल्या आणि थबकल्या. आबा तसेच बसलेले.

"अगं बाई! आबा, अजून धरूनच बसलात?" त्या ओशाळल्या. "मी दोन नळ्या भरल्या होत्या. दुसरी माझ्याच मुठीत होती, सात मिनिटांत गोठली. तुमची... खरं सांगू? तुम्ही जरा शांत बसावं म्हणून दिली होती."

आबांनी दारापर्यंत नजर फिरवली. आसपास कुणी नव्हतं.

"मिन्टं मला ठावं न्हाईत, बाई. माशी तिसऱ्यांदा नाकावर बसली तवाच माझ्या मुठीतलंबी थिजलं हुतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर हात मोकळा झाला असता. मग पोरानं इचारलं असतं, सही करू का. आन् इचारल्यावर मला न्हाई म्हणावं लागलं असतं. पायरीवरचं समद्यांनी ऐकलं हुतं न्हवं."

आबांनी मूठ हळूच सुषमाबाईंपुढं केली.

"आता तेवढी बोटं सोडवा माझी. उघडंनात. तंबाखू मळायची हाय."