हलव्याला काटा

"आता उठू नकोस हं, काटा धरायला लागलाय," सासूबाई म्हणाल्या, तशी उठता उठता शैलजा पुन्हा शेगडीपुढे बसली. परातीतल्या तिळांवर चमचाभर पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी तीळ फिरवत राहायचं. धाकट्या जावेची पहिली संक्रांत होती, तिचे दागिने या हलव्याचे व्हायचे होते. संधिवाताने सासूबाईंची बोटं आखडली, तेव्हापासून घराण्याचा हा हलवा शैलजाच्याच गळ्यात पडला होता.

बाहेरच्या खोलीत तिचा फोन वाजला. कोल्हापूरच्या शाळेचाच असणार. चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा होती. "अहो, इकडे द्या ना," असं ती म्हणेपर्यंत नवऱ्याने तो उचललाही.

"हो, मी तिचे मिस्टर बोलतोय. नाही हो, तिला नाही जमायचं. घरचं सगळं तिच्यावरच आहे. द्या दुसऱ्या कुणाला."

शैलजाची बोटं फिरतच राहिली. डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी परात स्वतःपुढे ओढली आणि आखडलेला तळवा तिळांवर फिरवायला लागल्या.

"काटा मोडेल, माई."

"मोडू दे. मला असा फोन कधी आलाच नाही. जा, तू स्वतः बोल."

पदराला हात पुसत शैलजा बाहेर गेली. नवऱ्याच्या हातातून फोन घेऊन तिने तोच नंबर लावला.

"नमस्कार, शैलजा बोलतेय. मला यायचंय."