दारातला दिवा

दिवा पुन्हा लागला.

नागसेनने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. आकाशगंगेच्या बुंध्याशी पिवळा डाग, कुणी हळदीचा हात पुसावा तसा. आज रात्रीतली ही तिसरी खेप. आता मात्र त्याला रडूच यायचं बाकी होतं.

महाडला कारखान्यांचा उजेड, कशेडीच्या घाटात ट्रकांचा. काळंभोर आकाश उरलं होतं ते इथे, कुडपणच्या कड्यावर. तेही आणखी आठवडाभरच. शाळेजवळ हायमास्टचा, गावभर उजेड पाडणाऱ्या दिव्यांचा खांब येऊन आडवा पडला होता. तो उभा राहिला की इथलीही रात्र संपली. त्याआधी एक स्वच्छ फोटो, एवढंच नागसेनला हवं होतं. त्यासाठी हा पोलादपूरचा मास्तर फाल्गुनापासून दर अवसेला मोटारसायकल दामटत वर येत होता. ढग आडवे आले नाहीत, धुकंही नाही. आडवा आला तो हा एक बल्ब. आणि आजची वैशाखातली अवस शेवटची.

बल्ब काशीबाईंचा. कातळाच्या टोकाला त्यांचं घर, नेमकं आकाशगंगा वर येते त्याच बाजूला. म्हातारी एकटीच राहायची. मुलगा भरत मुंबईला. येताना नागसेन त्यांच्याच ओटीवर हेल्मेट ठेवायचा, त्यांच्याच माठातलं पाणी बाटलीत भरून घ्यायचा. बाई प्रेमळ होत्या, पण या बल्बच्या बाबतीत त्यांना कळत होतं आणि वळत नव्हतं. सांगितलं की "बरं बाला" म्हणून बटण दाबायच्या. नागसेन ठेचकाळत कड्यापाशी पोचतो न पोचतो, तोच बल्ब पुन्हा चालू. गावातले म्हणायचे, काशीबाई तर दिवेलागणीनंतर तासाभरात बत्ती मालवून निजते. नागसेनला ती शुद्ध थाप वाटायची.

तो तणतणत घराकडे गेला. काशीबाई दारातच उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून अंधारात बघत.

"आजी, तुमच्या या बल्बपायी तीन महिने पाण्यात गेले माझे. मालवता, मग परत का लावता?"

काशीबाई ओशाळल्या. "घरचं माणूस बाहेर असलं की दारातला दिवा मालवत नाय रे बाला. सासूनं कधी मालवला नाय. तू सांगतोस म्हणून मालवते, पन जीव ऱ्हात नाय."

नागसेनचा राग जागच्या जागी विरला. म्हणजे भरत निघाला होता तर. रात्रीचा घाट, वळणावळणाचा रस्ता. आईला काय सांगणार, की पोराचा दिवा मालवा, मला तारे टिपायचेत? तो मुकाट्याने कड्यावर परतला. ट्रायपॉड मिटला, कॅमेरा पिशवीत कोंबला. मनातल्या मनात त्याने भरतला शिव्या घातल्या, त्या खांबाला घातल्या, सगळ्यात जास्त स्वतःच्या नशिबाला. यायला आजचीच रात्र मिळाली होती त्या माणसाला.

हेल्मेट घ्यायला तो ओटीवर चढला. काशीबाईंनी एकवार त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बटण दाबलं.

मिट्ट काळोख झाला. डोळे सरावले, तसं अंगणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आकाश उघडलं. तीन महिने तो ज्याच्या मागे होता, तेच. खांद्यावरची पिशवी त्याला एकदम जड वाटली.

"आता मालवलात?" त्याचा आवाज चिरकला. "आणि भरत? तो पोचला का?"

"भरत दिवाळीला येईल," काशीबाई आत वळत म्हणाल्या. "बाहेर तूच होतास ना."