विश्राम

माझे सासरे फौजेतून हवालदार होऊन घरी आले, त्याला तीस वर्षं झाली होती. तरी शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही मांडवात भटजी 'शुभमंगल सावधान' म्हणाले, की त्यांच्या टाचा खाडकन जुळायच्या. छाती पुढे, अक्षता मुठीतच. मग माझी कुणाली कानाशी जाऊन "आजोबा, विश्राम!" म्हणायची, तेव्हा कुठे त्यांच्या अक्षता पडायच्या. तोवर पुढचं मंगलाष्टक निम्म्यावर आलेलं असायचं.

मोठी झाली तशी पोरीला या ड्युटीची लाज वाटायला लागली. तिचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा तिने बजावलंच, "आजोबा, माज्या लग्नात असलं काय करायचं नाय हां! मुरबाडची सासरची माणसं हसतील."

"नाय करणार गो. फौजीचा शब्द."

शब्द पाळला त्यांनी, पण जरा जास्तच. लग्नाला दोन महिने असताना गेले.

लग्नात पहिलं 'सावधान' झालं आणि अंतरपाटाआडून पाटावर धप्पकन आवाज आला. नवरी ताठ उभी! नजर समोर, गालावर पाणी. सगळी मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, तरी हातातला हार काही हलेना.

"आई, हिला काय झालं वो?" जावई घाबरून मला विचारायला लागले. मी त्यांच्या कानात एकच शब्द सांगितला.



बिचाऱ्यांनी घसा खाकरला, भर मांडवात "विश्राम!" म्हणून ओरडले, आणि हार गळ्यात पडला.